डाव्या कोपऱ्यातले टाके

तुमच्या गाडीत वेग दाखवणाऱ्या मीटरभोवती जी काळी प्लास्टिकची चौकट असते, ती कुणी बनवली, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? ‘कंपनीने’ हे उत्तर मला नको आहे. गाडी नवी होती तोवर ते चाललं असतं. पण गाडी म्हातारी झाली, कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं, उन्हाने चौकट तडकली, तुम्ही कल्याणच्या बाजारातून दुसरी आणलीत आणि ती बरोबर बसली. मग ही दुसरी कुठून आली? झाडाला तर लागत नाही.

परवा ठाकुर्ली स्टेशनबाहेर केळीची पानं विकायला बसलेल्या बाया दिसल्या आणि माझ्या नाकात बूटपॉलिशचा वास आला. लोकांना पितृपंधरवडा म्हटलं की खिरीचा, वड्यांचा वास आठवतो. मला बूटपॉलिश आठवतं, आणि त्याच्यामागून घसा धरणारा, वितळलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचा वास.

पंधरवड्यात कुणी नवीन काही घेत नाही. साडी नाही, भांडं नाही, गाडी तर नाहीच नाही. पण जुनी गाडी दुरुस्त करायला कुणाच्या पितरांची हरकत नसते. शिवाय पुढे दसरा असतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, तर तिचं फुटकं तोंड आधी नीट करायला हवं. म्हणून टॅक्सीवाले, जीपवाले, लग्नाची वऱ्हाडं नेणारे, दवाखान्यापुढे जुनी गाडी लावणारे डॉक्टर, सगळे याच दिवसांत बाजारात यायचे. कुणाला काच वरखाली करायच्या दांड्याची मूठ हवी, कुणाला दाराच्या हँडलची वाटी, कुणाला मीटरची चौकट. आम्ही बौद्ध. आमच्या घरी पितर जेवायला येत नसत आणि कावळ्यासाठी पान वाढलं जात नसे. पण वर्षातला आमचा सगळ्यात मोठा मोसम दुसऱ्यांच्या पितरांच्या कृपेने यायचा. बाबांना हे फार लागायचं. आई म्हणायची, लागू दे, दाणा संपलाय तेवढा आणून टाका.

ठाकुर्लीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, आमच्याकडे हँड मोल्डिंगचं मशीन होतं. उभी नळी, तिच्याभोवती हीटर, वर दाणा ओतायचं तोंड आणि बाजूला लांब दांडा. खाली साचा. दाणा वितळला की आई दोन्ही हातांनी दांडा खाली ओढायची, जवळजवळ लोंबकळायची त्याला, आणि मग तसाच दाबून धरायची. किती वेळ धरायचा हे ती मोजत नसे. दांडा हाताला उलट ढकलायचा थांबला की झालं, असं सांगायची. लग्नाआधी ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत खेळण्यांच्या कारखान्यात होती, तिथे शिकलेली. ठाण्यात बाबांच्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा तिने हे मशीन भंगारात निघालेलं घेतलं. बाबा टाळेबंदीविरुद्ध पत्रकं काढत होते आणि आई गाड्यांच्या मुठी. घर मुठींवर चालायचं.

हे मी बाबांना कमीपणा आणायला लिहीत नाही. मी पत्रकांवर वाढले, अगदी शब्दशः. पोहे पत्रकावर, गणिताचं रफ काम पत्रकाच्या मागच्या बाजूला, आणि अक्षरओळखही तिथूनच. इतर मुलं कमळातला क शिकली, मी कामगारातला. अन्याय हा शब्द मला आईस्क्रीमच्या आधी लिहिता यायला लागला. अकरावीत गेले तोवर मला वाटत होतं की जगात जे काही चुकतंय ते नीट शब्दांत लिहून चार चौकांत वाटलं, की लोक थांबतील, वाचतील आणि ते दुरुस्त करायला निघतील. ज्या मोसमाबद्दल मी लिहितेय, त्याने माझा हा समज मोडला. तो अजून जोडता आलेला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आईने पहिल्यांदा स्वतःचा साचा करून घेतला होता. तोवर साचे दुकानदाराचे असत. तो साचा आणून द्यायचा, आई माल काढून द्यायची, साचा परत जायचा. साचा ज्याचा, त्याचा माल. त्यामुळे आईला एक तरी साचा आपला हवा होता. मीटरच्या चौकटीला मागणी होती आणि ती कुणीच बनवत नव्हतं. नमुना मिळाला काशिनाथकडून.

काशिनाथ खाडीकाठचा कोळी. त्याच्याकडे एक जुनी, गोल नाकाची गाडी होती. पहाटे बंदरावरून मासळीच्या पाट्या आणि त्यांच्यावर बसलेल्या बाया कल्याणच्या बाजारात सोडायच्या, मग दिवसभर गाडी धुऊन उदबत्ती लावून भाडी मारायची. वास काही जायचा नाही. तो स्वतःच सांगायचा, माझ्या गाडीत बसलेला माणूस घरी गेला की मांजर दारात येतं. त्याच्या मीटरची चौकट डाव्या कोपऱ्यात खाली तडकली होती. त्याने सुई तापवून भोकं पाडली, तांब्याची बारीक तार ओवून टाके घातले, जाळं विणतात तसे, तिरपे, एकसारखे. वरून काळा रंग फासला. चौकट आणखी काही वर्षं चालली.

ती चौकट घेऊन आई विठ्ठलवाडीला साचे बनवणाऱ्या कारागिराकडे गेली आणि म्हणाली, हुबेहूब करा. त्या माणसाने हुबेहूब केली. साचा घरी आला, पहिली चौकट निघाली, आई ती खिडकीपाशी घेऊन गेली आणि तिथेच उभी राहिली. डाव्या कोपऱ्यात, खाली, काशिनाथचे टाके जसेच्या तसे उमटले होते. तिरपे, एकसारखे.

आई साचा घेऊन तशीच परत विठ्ठलवाडीला गेली, मी बरोबर होते. कारागीर चिडला नाही, हसलाही नाही. त्याने नमुना हातात फिरवला, नखाने रंग खरवडला, तांबं चमकलं.

“मला वाटलं कंपनीची डिझाईन आहे,” तो म्हणाला. “एवढं एका मापात कोण शिवतं, ताई?”

दोष कुणाचा म्हणायचा? रंगाखाली शिवण आणि नक्षी यांतला फरक आईलाही कळला नव्हता. आणि वस्तूवर जे उंच असतं ते साच्यात खोल असतं. पोलादातला खड्डा भरायचा म्हणजे वेल्डिंग, पुन्हा घासणं, म्हणजे जवळजवळ नवा साचा. ते शक्य नव्हतं. मग एकच उपाय राहिला. साच्यातून टाके घेऊन जन्मलेली प्रत्येक चौकट हाताने घासायची.

तोच आमचा भाद्रपद. आई दांडा ओढायची, चौकट थंड करायला बादलीत टाकायची, मी बाहेर काढून पॉलिश पेपरने कोपरा घासायचे. आधी जाडा कागद, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. टाके जायचे, पण तिथे राखाडी, मेलेला डाग उरायचा. त्यावर बूटपॉलिश आणि जुन्या बनियनचा तुकडा. चाळीतल्या लोकांना वाटायचं, यांच्याकडे कुणीतरी मोठ्या नोकरीला लागलंय, रोज बूट चमकवतात. माझा उजवा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता की कॉलेजात प्रयोगवहीचं पान उलटायचं नाही. मी घासता घासता घोषणा रचायचे. कागद पुढे, कागद मागे, त्याच्या तालावर चांगल्या जमायच्या.

काशिनाथ आपली नवी चौकट न्यायला आला. हातात घेतली, अंगठा कोपऱ्यावर फिरवला आणि थांबला.

“माजे टाके कुठं गेले गो ताई?”

“घासले. बाजारात नाही चालत.”

“बाजारान नसतील चालत. माज्या गारीन चालतात. मना टाक्यांची दे.”

आई म्हणाली, वेडा आहेस का रे, फुटकं दिसतं ते. तो म्हणाला, फुटकं नाही, शिवलेलं दिसतं. शेवटी तिने त्याला न घासलेली एक काढून दिली आणि तो खूश होऊन गेला. आम्ही बराच वेळ हसत होतो. जुनी चौकट मात्र आईने ठेवून घेतली. पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्यासोबत.

त्याच मोसमाच्या शेवटी, दसरा तोंडावर आलेला असताना, कल्याणच्या दुकानदाराचा निरोप आला की आहे तेवढा माल आजच्या आज हवा. त्याला सगळे शेठ म्हणत, आम्हीही. सगळा माल घासून झाला नव्हता. आईने घासलेल्या वेगळ्या बांधल्या, न घासलेल्या वेगळ्या, आणि बजावून सांगितलं की या दुसऱ्या तुमच्याकडे घासून घ्या. शेठ म्हणाला, घेतो, घेतो. एवढंच घडलं. यात वाईट काही घडतंय असं कुणाला वाटलं असतं?

वर्ष गेलं. पुन्हा केळीची पानं, पुन्हा पंधरवडा. आईने नेहमीसारखा माल घासून, पॉलिश करून, वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. मी पिशवीचा दुसरा बंद धरला होता. दुकानात पाय ठेवला तर समोर भिंतीवर रांगेने पाकिटं टांगलेली. पारदर्शक पिशवी, वर पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीवर लाल अक्षरात इंग्रजीत ‘ओरिजिनल’. आत मीटरची चौकट.

शेठने आमची एक चौकट उघडली, एक पाकिटातली काढली, शेजारी ठेवली. आणि समजावून सांगू लागला, अगदी प्रेमाने, लहान मुलाला सांगतात तसं. म्हणाला, बघा ताई, या ओरिजिनल मालाला कोपऱ्यात कंपनीची नक्षी आहे. तुमच्यात ती नाही. गिऱ्हाईक आता नक्षी बघून घेतं. नक्षी नसली की म्हणतं डुप्लिकेट.

मी पाकिटातली चौकट उचलली. मला डोळ्यांची गरज नव्हती, अंगठ्यानेच ओळखलं. तिरपे, एकसारखे. काशिनाथचे टाके.

तुम्हाला आता कळलंच असेल काय झालं होतं. आईने दिलेल्या न घासलेल्या मालातली एक चौकट ठाण्याच्या बाजूला कुणाच्या तरी मोठ्या कारखान्यात नमुना म्हणून गेली. तिथल्या ऑटोमॅटिक मशीनवर तिचा नवा साचा झाला. आणि तिथल्या कारागिरालाही वाटलं असणार, ही कंपनीची डिझाईन आहे. एका कोळ्याने आपल्या गाडीची जखम शिवली, आणि ती शिवण आता ओरिजिनल असल्याची खूण झाली होती. आम्ही ती खूण वर्षभर घासून घासून काढत होतो, अंगठे झिजवून. त्यामुळे आम्ही नकली.

आईने माल पुन्हा पिशवीत भरला. पण दुसऱ्या दिवशी ती पत्र्याचा डबा घेऊन निघाली. वाटेत स्टँडवरून काशिनाथला बरोबर घेतलं. दुकानात काउंटरवर तिने तिन्ही चौकटी ओळीने मांडल्या. काशिनाथची जुनी, तांब्याची तार दिसणारी. पाकिटातली. आणि साच्यातून काढलेली, न घासलेली आपली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही वाकून बघू लागली. काशिनाथ म्हणाला, ही तार माझ्या जाळ्याच्या तरंगत्या बोयऱ्याला होती, तिथून काढून घातलीय, आता तुमच्या कंपनीला विचारा की त्यांनी कुठल्या खाडीत जाळं टाकलं होतं. गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, जिंकलो. पुरावा समोर होता, साक्षीदार समोर होता, लोक बघत होते. पत्रकांत लिहिलेलं असायचं तसंच सगळं.

शेठने तिन्ही चौकटी नीट पाहिल्या. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्याजवळ उत्तरं तयार होती.

“बरोबर आहे तुमचं, ताई,” तो म्हणाला. “आधीची तुमचीच. पण गिऱ्हाईक पाकीट मागतं.”

आणि त्याच क्षणी, त्या हसणाऱ्या माणसांपैकी एकाने भिंतीकडे बोट दाखवलं आणि एक पाकीट मागितलं.

मी तो दिवस इतक्या वेळा आठवलाय की आता तो माझ्याच हातून घासला गेला असेल. पण शेठचा आवाज मऊ होता, याची मला खात्री आहे. अन्यायाचा आवाज चढा असतो, असं मी शिकले होते. आमच्या सगळ्या पत्रकांत मालक गुरगुरतो, दरडावतो. ‘बरोबर आहे तुमचं’ असं म्हणणाऱ्या मालकाचं काय करायचं, याबद्दल एकाही पत्रकात ओळ नव्हती. जो मान्य करतो आणि तरीही काहीच बदलत नाही, त्याच्यापुढे मूठ उगारून हात दुखतो, एवढंच.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, की बाई, तुमच्या आईनेही कंपनीची नक्कलच केली ना? मग तिची कुणी केली तर ओरड कशाला? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय आणि तो टाळणार नाही. कंपनीने ती गाडी टाकून दिली होती. रस्त्यावरची हजारो माणसं तिच्यावर पोट भरत होती आणि कंपनीच्या लेखी ती मेलेली होती. जे कुणी देत नव्हतं ते आईने दिलं. तिने कधी कंपनीचं नाव आपल्या मालावर घातलं नाही, ओरिजिनल म्हटलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ‘चौकट’ म्हणून विकली. तिची नक्कल झाली याचा मला राग नाही. चालू द्यावं, लोकांच्या गाड्या चालायला हव्यात. राग याचा आहे, की नक्कल करणारे ओरिजिनल झाले आणि ती डुप्लिकेट ठरली. काम घेतलंत ते घेतलंत, वर तिला चोर म्हणालात.

बाबांनी पत्रक लिहायला घेतलं. मी वाट बघत बसले, कारण माझा अजून विश्वास होता. पण बाबांचं पेन अडत होतं. आयुष्यभर त्यांनी मालकी हक्काविरुद्ध लिहिलं होतं. ‘साचा आमचा’ हे दोन शब्द त्यांना कागदावर उतरवता येईनात. मग ते आपल्या ओळखीच्या वाटेने गेले. भांडवलदारांचं कारस्थान, लघुउद्योगाची गळचेपी, श्रमिक वर्गाने सावध व्हावं. सायक्लोस्टाइल करून आणलेलं पत्रक अजून शाईने ओलं होतं. आई चपात्या लाटत होती. तिने हात पुसले, पत्रक पूर्ण वाचलं, उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “यात मी कुठंय?”

बाबा म्हणाले, अगं, श्रमिक वर्ग म्हणजे तूच की. आई म्हणाली, असेल. आणि पुन्हा लाटायला बसली.

ते पत्रक आम्ही वाटलं. कल्याणला एसटी स्टँडबाहेर, डोंबिवलीला, रिक्षाच्या रांगेत. लोकांनी घेतलं. लोक नेहमी घेतात. संध्याकाळी स्टँडबाहेरच्या भेळवाल्याकडे माझ्या हातात भेळ आली ती आमच्याच पत्रकात. ‘श्रमिक वर्ग’ या शब्दांवर चिंचेचं पाणी पसरलं होतं. मी ती भेळ खाल्ली. चांगली होती, याचाही राग आला.

त्या वर्षी खंडेनवमीला विठ्ठलवाडीच्या कारागिराने आपली मशीनं पुसून त्यांच्यावर फुलं ठेवली होती. हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात जायचं. आई पांढरी साडी नेसून तयार झाली, आणि निघायच्या आधी मशीनजवळ गेली. बादलीशेजारी घासायचे कागद होते, जाडे, बारीक, पॉलिशची डबी, बनियनचा तुकडा. तिने सगळं गोळा केलं आणि चाळीच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आली. मला म्हणाली, आजपासून घासायचं नाही. असतील ते टाके राहू देत. ज्याला हवी त्याने घ्यावी.

त्यानंतर ती शेठकडे गेली नाही. काशिनाथने स्टँडवरच्या गाड्यांत सांगितलं. ड्रायव्हर थेट चाळीत येऊ लागले, दारात उभे राहून शिवलेली चौकट द्या म्हणू लागले. जितके आले तितके आले. घर रडतखडत चाललं. मी हे विजय म्हणून सांगत नाहीये. भिंतीवरची पाकिटं शेवटपर्यंत जास्त खपली.

आता त्या गाड्या रस्त्यावरून निघून चालल्यात. नवीन गाड्या आल्यात, त्यांच्या डॅशबोर्डाला जोड नाही, फुटलं तर अख्खंच बदला म्हणतात. काशिनाथने गाडी भंगारात दिली आणि चौकट तेवढी काढून घरी नेली, देव्हाऱ्याखाली ठेवलीय म्हणे. आईचे खांदे दांड्याने गेलेत, केस विंचरायला हात वर जात नाही. मशीन सुटं करून पलंगाखाली ठेवलंय. बाबा अजून लिहितात, मीही लिहिते. हा लेख म्हणजे दुसरं काय आहे? कागदाची एकच बाजू छापलेली असली तर भेळवाल्याला सोयीचा पडेल.

म्हणून मला तुमच्याकडून सहानुभूती नको आहे. ती शेठनेही दिली होती. मला एक काम करून हवंय. पंधरवडा चालू आहे. कुणाच्या तरी जुन्या गाडीत बसण्याची पाळी तुमच्यावर येईल. पुढच्या सीटवर बसा. मीटरच्या चौकटीवर, डाव्या कोपऱ्यात, खाली अंगठा फिरवा. तिरपे टाके लागले, तर ते काशिनाथने शिवलेत आणि पहिल्यांदा ठाकुर्लीच्या एका खोलीत शालन नावाच्या बाईने साच्यातून काढलेत, एवढं ड्रायव्हरला सांगा. नाव घेऊन सांगा, श्रमिक वर्ग म्हणू नका. टाके लागले नाहीत आणि कोपरा किंचित मऊ लागला, तर तिथे माझा अंगठा आहे.

आणि यापुढे दुकानात कुणी तुमच्या हातात पाकीट दिलं, तर पैसे काढण्याआधी विचारा, हे कुणी बनवलं? दुकानदार ‘कंपनीने’ म्हणेल. तिथेच उभे राहा. पुन्हा विचारा.